तिसऱ्या रश्शातला रबरी किडा

मी एक किडा बोलतोय. दचकू नका. मी चावत नाही, वळवळत नाही आणि जिवंतही नाही. मी मऊ प्लास्टिकचा आहे. करंगळीएवढा लांब, भिजलेल्या विटेच्या रंगाचा. माझ्या अंगभर कड्या आहेत आणि मधून आरपार भोक आहे. त्या भोकातून तंगूस ओवतात, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, आणि माझ्या शेपटाशी तीन तोंडांचा गळ बांधतात.

माझं काम एकच. घाण वासाच्या चिकट काल्यात मला बुडवतात. तो काला माझ्या कड्यांमध्ये बसतो आणि पाण्यात गेल्यावर हळूहळू सुटत राहतो. शिंगाळा नावाचा मिशाळ मासा गढूळ पाण्यात डोळ्यांनी नाही, वासाने खाणं शोधतो. तो त्या वासामागे येतो आणि मला तोंडात घेतो. एवढंच.

मला स्वतःला नाक नाही. मी काय धरून ठेवलंय हे मला दुसऱ्यांच्या तोंडावरून कळतं.

माझा साचा आकाराम सुतार यांनी केला. ते कोल्हापूरचे, कसबा बावड्यात नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत राहणारे. शिरोलीच्या एका फाउंड्रीत ते पॅटर्न करायचे. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो, ते त्यांचं काम. हाताला सवय ओतकामाची, आणि नाद मासे धरण्याचा. दुकानातून आणलेले रबरी किडे मासे फाडून टाकायचे. ते फाटके तुकडे आकाराम फेकत नसत. एका डब्यात साठवायचे आणि वितळवून नवे ओतायचे. मी तशाच जुन्या तुकड्यांचा झालो आहे. म्हणून माझ्या जन्माआधीचंही मला थोडं ठाऊक आहे.

आधीचे साचे झिजून गेले तेव्हा हा नवा साचा त्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला. ओल्या प्लास्टरमध्ये त्यांनी एक जाडसर बोल्ट अर्धा दाबून बसवला. बोल्टचे आटे उमटले, त्याच माझ्या कड्या. प्लास्टर वाळल्यावर वर तेलाचा हात फिरवून दुसरा अर्धा भाग ओतला. मधलं भोक राहावं म्हणून सायकलची तार बसेल अशी खाच ठेवली. फार सुबक काम होतं ते.

वासाच्या काल्याला ते तिसरा रस्सा म्हणायचे. "तांबडा, पांढरा आणि ह्यो तिसरा," असं म्हणून स्वतःच हसायचे.

त्यांच्या बायकोला, पूर्णिमाबाईंना, हसू येत नसे. मासा आणला तर त्या आवडीनं करायच्या, पण त्या बरणीचं नाव काढलं की पदर नाकाला. "मासं आणा, ह्ये आणू नका," हे वाक्य त्या घरात किती वेळा झालं असेल. बरणी परड्यात, न्हाणीच्या मागे ठेवायची असा नियमच होता. एकदा त्यांनी ती घंटागाडीत टाकली. आकाराम बनियनवर गाडीमागे धावत गेले आणि बरणी छातीशी धरून परत आले. सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती. पूर्णिमाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

साचा पुरता वाळला आणि त्याच उन्हाळ्यात साथीची दुसरी लाट आली. दोघांना एकाच आठवड्यात ताप आला. दोघांना नेलं, पण वेगवेगळ्या दवाखान्यांत. पूर्णिमाबाई परत आल्या. आकाराम आले नाहीत. त्यांना शेवटचं बघायला कुणालाच मिळालं नाही. मुलगी भैरवी पुण्यात नोकरीला होती, तिलाही नाही.

पूर्णिमाबाई घरी आल्या त्या वास हरवून. कांद्याचा नाही, उदबत्तीचा नाही, रॉकेलचा नाही. फोडणी टाकली तर नुसता आवाज यायचा. जेवण म्हणजे गरम आणि गार, मऊ आणि कडक, एवढंच उरलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. बाकीच्यांचा आला. त्यांचा आला नाही.

रडूही आलं नाही. बायका भेटायला यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. "रड गं, मोकळी हो." पूर्णिमाबाई हो म्हणायच्या आणि उठून चहा ठेवायच्या. मागे कुजबूज व्हायची, "माणूस गेलं आन हिच्या डोळ्यात टिपूस न्हाय." त्यांना ते ऐकू जायचं. त्याचंही त्यांना काही वाटायचं नाही. भैरवी रोज फोन करायची. जेवलीस का? हो. गोळी घेतलीस का? हो. बरी आहेस ना? बरी. फोन ठेवल्यावर त्या तशाच बसून राहायच्या, हातात फोन धरून.

असे दोन पावसाळे गेले. तुकड्यांचा डबा आणि साचा कपाटावर तसेच होते. त्यांच्यावर धूळ बसली.

मग एका दुपारी भरमाप्पा आले.

भरमाप्पा शिरोळच्या बाजूचे शेतकरी. पंपाचा मोडलेला भाग नवा ओतून घ्यायला ते फाउंड्रीत आले होते, तेव्हा आकारामांशी ओळख झाली आणि मग वर्षानुवर्षं दोघं एकत्र मासे धरत बसले. भरमाप्पा लिंगायत, घरात मासा शिजणं तर सोडाच, आणायचीही सोय नाही. ते मासा धरायचे आणि सोडून द्यायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "आमच्यात खात न्हाईत. पर धरू ने असं कुटं लिवलंय?"

ते ओट्यावर बसले. पाणी प्यायले. मग खिशातून कागदाची पुडी काढली. आत फाटलेला एक किडा होता.

"वैनी, आकारामनं दिल्यालं ह्ये शेवटचं. काल तुटलं. साचा हाय म्हणत होता तो. हाय काय घरात?"

"हाय की."

"कुणाकडनं तरी ओतून घेतो म्हणलं. मला न्हाय येत."

पूर्णिमाबाईंनी स्टुलावर चढून साचा खाली काढला. पदरानं धूळ पुसली. "मी बघते," त्या म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर एक काम आलं आणि त्यांनी ते घेतलं, इतकंच. शेकडो वेळा दारात नाक दाबून उभं राहून त्यांनी ते ओतकाम पाहिलं होतं.

त्यांनी स्वयंपाकघरातच गॅसवर जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं आणि तुकडे टाकले. आच मोठी झाली. तुकडे वितळायच्या आधी करपले आणि निळसर धूर उठला. भरमाप्पा खोकत खोकत अंगणात पळाले. डोळे चोळत मागे बघतात तर पूर्णिमाबाई त्या धुरात शांतपणे पातेलं ढवळतायत.

"वैनी! भाईर या की! मरायचं हाय काय!"

त्या बाहेर आल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते धुराचं होतं. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुमास्नी वास न्हाय आला?"

"न्हाय."

"कवापासनं?"

"तवापासनं."

भरमाप्पांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "असला धूर वाईट असतोय. शिगडी परड्यात घिऊया, वाऱ्याला. माजं नाक हाय की. मी सांगतो कवा करपतंय ते."

तसंच झालं. परड्यात गॅसची छोटी शेगडी मांडली. पूर्णिमाबाई मंद आचेवर ढवळायला लागल्या. भरमाप्पा अंगावर वारा येईल असे उभे राहून मधूनमधून ओरडायचे, "कमी करा! हां, आता ठीक." तुकडे विरघळून काकवीसारखे झाले. साच्याला आतून तेल लावलं होतं, मधे तार बसवली होती. त्यांनी पातेलं कलतं केलं आणि बारीक धारेनं, न थांबता, ओतलं. थांबलं की आत हवा राहते. हे आकाराम त्यांना कधी शिकवायला बसले नव्हते. त्या नुसतं बघत आल्या होत्या.

साचा उघडला, तार ओढून काढली आणि मला गार पाण्यात सोडलं. असा मी जन्मलो. मला काही वाटलं नाही. पूर्णिमाबाईंनी मला पाण्यातून काढलं, दोन्ही टोकांना धरून ताणलं, सोडलं. मी परत होतो तेवढा झालो.

"झालं," त्या म्हणाल्या. त्यांनाही काही वाटलेलं दिसलं नाही. पण त्यांनी दुसरा ओतायला घेतला. मग तिसरा. ऊन उतरेपर्यंत त्या ओतत राहिल्या.

जाताना भरमाप्पा म्हणाले, "पर वैनी, किड्याला रस्सा लागतोय. तो बी आकारामच करायचा. मी नुसता बुडवायचा धनी."

"काय काय घालायचे?"

"तुमास्नी म्हाईत न्हाय?"

"मी कवा बघितलंय? मी तर लांब पळायची."

भरमाप्पांनी आठवून आठवून सांगितलं. कोंबडीची काळजं. सुकट. शिळं ताक. कारखान्याची मळी. घट्ट व्हायला जोंधळ्याचं पीठ. आणि वर झाकण लावून उन्हात ठेवायचं, मनासारखं घाण होईस्तोवर.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमाबाईंनी ते सगळं आणलं आणि परातीत घेऊन हातानं कालवलं, पीठ मळावं तसं. किळस वासातून येते आणि वास तर नव्हता. बरणी परड्यात उन्हाला ठेवली. नंतर मांजरं चढायला लागली म्हणून आत, स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवली. ज्या बरणीनं त्या घरात दोन दिवसांचा अबोला घडवला होता, ती आता साखरेच्या डब्याशेजारी होती. मला त्यांनी त्याच बरणीत सोडलं, मुरायला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का आल्या. अक्कांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नाही. वय झालेलं, आवाज मात्र अजून दोन गल्ल्या ओलांडणारा.

"पूर्णिमेऽ! अगं ए! घरात काय मेलंय काय? उंदीर बिंदीर बघ की! आमाला जेवान जाईना!"

"न्हाय अक्का. रस्सा केलाय. त्यांचा."

अक्का पदर नाकाला लावून आत आल्या. खिडकीतली बरणी पाहिली, झाकण जरा उचललं आणि झटक्यात बंद केलं. "आगं आई गं." त्या उंबऱ्यावर बसल्या. पूर्णिमाबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"अक्का, कसा येतोय?"

"कसा म्हंजे? घाण!"

"घाण म्हंजे कशी? सांगा की नीट. मला न्हाय येत."

अक्का रागानं काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांनी पूर्णिमाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाकावरचा पदर खाली घेतला. डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. असला श्वास त्या बरणीजवळ आजवर कुणी घेतला नसेल.

"आकाराम नदीवरनं यायचा न्हवं," त्या म्हणाल्या, आवाज खाली आला होता, "तवा सायकल आमच्या भिताडाला लावायचा. तसा येतोय. आधी ह्यो वास यायचा, मग सायकलची घंटी. मी आतनं वरडायची, आला बघ गं तुझा नवरा."

पूर्णिमाबाईंचा चेहरा होता तसाच होता. त्या म्हणाल्या, "आणि?"

"आणि काय. त्येच्या सदऱ्याला बी असाच. बिडीचा वास त्यात मिसळल्याला."

"बिडी वढायचं मला लपवून."

"तुला सोडून समद्यांस्नी म्हाईत हुतं," अक्का म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या रोज अक्कांना बोलवायला लागल्या. "अक्का, आज कसा हाय?" अक्का कुरकुरत यायच्या, झाकण उघडायच्या, आणि सांगायच्या. आज आंबूस झालाय. आज सुकटीचा वर आलाय. आज अगदी त्योच, बघ. पूर्णिमाबाई मान हलवायच्या. रश्शात वरखाली होत मी हे ऐकत होतो. एकीला वास यायचा आणि नको असायचा, दुसरीला हवा होता आणि यायचा नाही.

मग भैरवी आली. न सांगता, सुट्टी काढून. गल्लीतल्या कुणीतरी तिला फोन केला होता की तुझी आई घरात काहीतरी कुजवत बसते, बघ एकदा येऊन.

ती दारातच थांबली. वास लागला असणार. नाकाला हात गेला नाही तिचा. ती तशीच उभी राहिली आणि बॅग खांद्यावरून हळूच खाली ठेवली. मग आत आली, बरणी पाहिली, परड्यात गेली. पूर्णिमाबाई शेगडीपुढे बसल्या होत्या, पातेल्यात तुकडे टाकत. वारा अक्कांच्या भिंतीकडे वाहत होता.

"आई, हे काय चाललंय?"

"भरमाप्पांनी सांगितलंय. किडे."

तेवढ्यात भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज फाटला, "गॅसऽ! अगं गॅस येतोय! पूर्णिमे, बंद कर! बंद कर!"

वाऱ्यानं शेगडी विझली होती. गॅस सुटत होता. पूर्णिमाबाईंच्या एका हातात काडेपेटी होती, पेटवायला घेतलेली. भैरवीनं ती हिसकावली आणि नळीचं बटण फिरवलं. मग ती तिथंच मातीत बसली.

"तुला कळलं असतं का? सांग ना, कळलं असतं का?"

"न्हाय," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

"मी तिकडं, तू इकडं एकटी. बाबांच्या वेळीपण मी तिकडंच होते. मला परत तसला फोन नकोय, आई. तू पुण्याला चल. हे घर बंद करू. हे सगळं टाकून देऊ."

"बरं."

भैरवी भांडायच्या तयारीत होती. "बरं काय? तुला यायचंय का?"

"तू म्हंतीस तर जाऊया."

"तुला काय वाटतं ते विचारतेय मी."

पूर्णिमाबाईंनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "काय वाटत न्हाय गं."

दुसऱ्या दिवसापासून सामान बांधायला सुरुवात झाली. पूर्णिमाबाई साड्यांच्या घड्या घालत होत्या, भांडी पोत्यात भरत होत्या, अगदी नेटानं. चाळीस वर्षांचं घर त्या असं उचलत होत्या की जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. भैरवी मधूनमधून थांबून त्यांच्याकडे बघायची. मला वाटतं, त्यांनी एकदा तरी नाही म्हणावं, असं तिला वाटत असावं.

किडे न्यायला भरमाप्पा आले आणि त्यांनी पोती पाहिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावा की. लेकीकडं जायाला न्हाय कोण म्हणंल. पर वैनी, एवढं किडं वतलंसा, ते पाण्यात पडल्यालं तर बघून जावा. आकाराम कुटं बसायचा ते तुमी कवा बघितलंया?"

"न्हाय."

"मग उद्या या. पोरीला बी घिऊन या."

"बरं," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

शिरोळच्या बाजूला, कृष्णेच्या काठी भरमाप्पांचं उसाचं रान आहे. रान संपतं तिथं पाण्याच्या मोटारीची खोली, आणि तिच्या खाली उतरत गेलेला काठ. एका बाभळीखाली बसून बसून गवत गेलेली जागा होती. माणूस बसेल एवढीच. भरमाप्पांनी बोट दाखवलं, "हितं." त्यांनी शेजारी दुसरी तशीच जागा दाखवली नाही, पण ती होती.

पूर्णिमाबाई तिथं बसल्या. भैरवी जरा मागे, चपला हातात घेऊन उभी राहिली. सकाळ होती, पाणी जवळजवळ थांबलेलं. भरमाप्पांनी बरणीतून मला काढलं, तंगूस ओवला, गळ बांधला, परत रश्शात बुडवून लांब फेकलं आणि रिळाची काठी पूर्णिमाबाईंच्या हातात दिली. "नुसती धरा. काय करायचं न्हाय."

मी तळाला गेलो. चिखल होता. माझ्या कड्यांतून रस्सा सुटायला लागला.

वर काय चाललंय ते मला दोरीतून कळत होतं, म्हणजे काही चाललेलं नव्हतं. ती काठी खुंटीला टांगावी तशी त्यांच्या हातात होती. असा बराच वेळ गेला. मग पाण्यात काहीतरी हललं. आधी मिशा लागल्या, मऊ, चाचपणाऱ्या. मग तोंड मिटलं, आणि गळ बसला.

दोरी ताठ झाली. काठी वाकली. भरमाप्पा ओरडले, "आला! आला! द्या हिकडं!"

पूर्णिमाबाईंनी दिली नाही. दोन्ही हातांनी काठी पोटाशी घट्ट धरली आणि पाय मातीत रोवले.

"वैनी, जड हाय! तुमास्नी न्हाय जमायचं! द्या!"

"न्हाय."

भैरवीनं तो शब्द ऐकला. तिच्या हातातल्या चपला खाली पडल्या.

शिंगाळा खोल ओढत होता, मग बाजूला, मग परत खोल. पूर्णिमाबाईंचा पदर खांद्यावरून गळला, तोंड लाल झालं, त्या पुटपुटत होत्या, काय ते कळत नव्हतं. भरमाप्पा शेजारी नाचत होते, "सोडा जरा! हां, आता गुंडाळा! गुंडाळा!" शेवटी तो काठाला आला. हातभर लांबीचा, राखाडी, चकचकीत. बाहेर काढल्यावर तो गुरगुरायला लागला. शिंगाळा तसा आवाज करतो.

भरमाप्पा "थांबा, हात लावू नगा," म्हणेपर्यंत पूर्णिमाबाईंनी त्याला वरून पकडलं होतं. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, सुईसारखे, विषारी. एक काटा त्यांच्या तळहातात खोल रुतला.

त्या किंचाळल्या.

दोन वर्षांत त्या बाईनं आवाज चढवला नव्हता. उसातले बगळे उडाले. त्या मातीत बसल्या, हात छातीशी धरून, आणि ओरडल्या, "आई गं! दुखतंय! दुखतंय गं भैरू, लई दुखतंय!"

भैरवी धावत येऊन त्यांच्याजवळ बसली. "कुठं? दाखव. दाखव मला."

"दुखतंय गं... त्यांनी मला सांगितलं बी न्हाय... जाताना एक शबुद न्हाय... दुखतंय..."

त्या रडत होत्या. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखं, नाक गळत होतं. भैरवीनं त्यांना धरलं आणि तीही रडायला लागली. ती म्हणत होती, "हो, दुखतंय. दुखतंय ना. मला पण." भरमाप्पा मोटारीच्या खोलीत पळाले. तिथं चूल होती. त्यांनी सोसेल एवढं कढत पाणी घमेल्यात आणलं आणि पूर्णिमाबाईंचा हात त्यात धरून ठेवला. या काट्याला तेच औषध. मग त्यांनी शिंगाळ्याच्या तोंडातून गळ काढला, मासा पाण्यात सोडला आणि बाभळीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती.

हात संध्याकाळपर्यंत ठणकत होता. पूर्णिमाबाई ते सगळ्यांना सांगत होत्या. दवाखान्यातल्या नर्सला, गाडीत भैरवीला, घरी आल्यावर अक्कांना. "बघा की, किती सुजलाय. लई ठणकतंय." अक्कांनी त्यांचा हात मांडीवर घेतला आणि फुंकर घालत बसल्या.

जेवताना त्या म्हणाल्या, "मी पुण्याला येत न्हाय."

"बरं," भैरवी म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

भैरवी आणखी चार-पाच दिवस राहिली. पोती सोडली. स्वयंपाकघरात गॅस सुटला की वाजणारं यंत्र बसवून घेतलं. परड्यात गॅसच्या ऐवजी विजेची शेगडी आली, आणि ओतताना अक्कांनी भिंतीपाशी बसायचं असं ठरलं. अक्का म्हणाल्या, "म्हंजे मी नाकाची नोकरी धरली म्हण की." पूर्णिमाबाईंचा वास परत आलेला नाही. येईल असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत.

पण फोन बदलला आहे. आता भैरवीनं विचारायच्या आत त्या सांगायला लागतात. गुडघा धरलाय. पाठ भरून आलीय. काल त्यांची आठवण आली आणि भाकरी जाईना. भरमाप्पांनी नदीवर नेलं आणि एक बी मासा लागला न्हाय, लई राग आला. भैरवी कानाला फोन लावून ऐकत असते, आणि मधेमधे तिला हसू येतं.

हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. मी पुण्यात आहे.

शिंगाळ्यानं मला एका बाजूनं उभं फाडलं. "टाकून दे त्याला," पूर्णिमाबाई म्हणाल्या होत्या. भैरवीनं टाकलं नाही. तिनं मला धुतलंही नाही. रुमालात गुंडाळलं, बॅगेत ठेवलं, आणि इथं आल्यावर एका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं.

ती रोज डबा उघडत नाही. कधीतरी, ऑफिसातून आल्यावर, कपडे बदलायच्या आधी ती डबा काढते, झाकण थोडंसं उघडते, श्वास घेते आणि लगेच बंद करते. एकदा तिच्यासोबत राहणारी सुष्मिता आत आली आणि नाक मुरडून म्हणाली, "शी! कसला गं हा वास?"

"घरचा आहे," भैरवी म्हणाली.

आता तो कमी होत चाललाय. झाकण उघडल्यावर तिला पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबावं लागतं, त्यावरून मला कळतं. मी कुजणार नाही. प्लास्टिक आहे, तुमच्यामागेही राहीन. पण जे धरून ठेवलंय ते काही दिवसांनी संपेल आणि मग मी नुसता फाटका तुकडा होईन. मला त्याचं दुःख नाही. दुःख व्हावं असं माझ्यात काही घातलेलंच नाही.

तुमच्यात घातलेलं आहे, म्हणून एक विनंती करतो. कुणी गेलं की तुम्ही घाईनं सगळं धुऊन टाकता. चादरी, सदरे, टोप्या, पिशव्या. एक काहीतरी राहू द्या, न धुता. आणि घरात कुणाला तो वास येत नसेल तर त्यांच्याजवळ बसून त्यांना तो सांगा. घाण असेल तर घाण म्हणून सांगा.

भैरवी आली वाटतं. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी आता थांबतो.